पहिला थेंब : नवजाताचे पोषण आणि संस्कारांचा हेतू

नवजात अर्भकाच्या मुखात पहिला थेंब कशाचा पडावा, हा प्रश्न आज प्रसूतिगृहातील परिचारिकेच्या अखत्यारीतला वाटत असला, तरी भारतीय परंपरेत तो फार प्राचीन काळापासून धर्माचा प्रश्न म्हणून विचारला गेला आहे. गृह्यसूत्रांनी, म्हणजे घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या वैदिक सूत्रग्रंथांनी, त्याचे एक उत्तर दिले. आयुर्वेदाच्या संहितांनी त्यात आपली भर घातली. न्यायदर्शनाने बाळाच्या दूध पिण्यातून थेट आत्म्याच्या नित्यत्वाचा पुरावा काढला. आणि मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र रचणाऱ्या पंडितांनी, बाळाचे दूध आणि यज्ञ यांत आधी काय, याचाही निर्णय केला. बाळाचे दूध टाकणे, पोट फुगणे, तिन्हीसांजेला सुरू होऊन न थांबणारे रडणे, जुलाब, चार-चार दिवस शी न होणे या घरोघरच्या तक्रारींकडे केवळ वैद्यकाच्या नजरेने पाहिले, तर घरातील वडीलधारी माणसे कशासाठी हट्ट धरतात ते उमगत नाही. आणि केवळ रूढीच्या नजरेने पाहिले, तर बाळाच्या जिवाशी खेळ होतो. म्हणून या तक्रारींच्या मुळाशी असलेला धर्मविचार नीट तपासून पाहणे आवश्यक आहे.

या तपासणीसाठी चंदीगडसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. १९६६ साली केंद्रशासित प्रदेश झालेले आणि पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी असलेले हे शहर वयाने तरुण आहे, पण तेथे आलेली कुटुंबे आपापल्या जुन्या रीती बरोबर घेऊन आलेली आहेत. पंजाबी घरांत जन्मलेल्या बाळाला 'गुढती' देण्याची प्रथा आहे. घरातील एखाद्या सन्मान्य व्यक्तीने मध, गूळ किंवा साखरेचे पाणी बोटाने बाळाच्या जिभेला लावायचे आणि त्या व्यक्तीचा स्वभाव बाळात उतरतो असे मानायचे, असे तिचे स्वरूप आहे. सैन्यदले, बँका आणि केंद्रीय कार्यालये यांतील नोकऱ्यांमुळे तेथे राहणाऱ्या मराठी घरांत बाळंतपणासाठी आलेली आजी सोबत सहाण आणि बाळगुटीचा डबा आणते; त्यात वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, बाळहिरडा, हळकुंड, सुंठ, खारीक, बदाम असे जिन्नस असतात आणि ते मोजके वेढे उगाळून आईच्या दुधातून चाटवले जातात. याच शहराच्या सेक्टर १२ मध्ये १९६२ साली स्थापन झालेली आणि १९६७ साली राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता पावलेली पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'पीजीआय', उभी आहे आणि पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर एवढ्या मोठ्या प्रदेशातील अत्यवस्थ बाळे तेथे आणली जातात. गुढती, गुटी आणि पीजीआय या तिन्हींशी एकाच आठवड्यात संबंध आलेले आईबाप त्या शहरात दुर्मीळ नाहीत, आणि त्यांच्यापुढचा पेच केवळ औषधाचा नसून श्रद्धेचाही असतो.

गुढती आणि गुटी या दोन्ही प्रथांच्या मागे जातकर्म हा संस्कार उभा आहे. आश्वलायन गृह्यसूत्रानुसार मुलगा जन्मताच, इतरांनी त्याला स्पर्श करण्यापूर्वी, तूप आणि मध सोन्यावर घासून सोन्यानेच त्याला चाटवावे. मनुस्मृतीही नाळ कापण्यापूर्वी हा विधी सांगते. नाळ कापण्यापूर्वीच का, याचे उत्तर धर्मशास्त्रकारांनी असे दिले की नाळ तुटेपर्यंत सुतक लागत नाही, म्हणून तेवढ्या अवधीत पित्याला विधी करण्याचा अधिकार राहतो. मुलींसाठी हाच संस्कार मंत्राविना करावा असे मनुस्मृती म्हणते, आणि भुकेला मुलगा-मुलगी हा भेद ठाऊक नसताना संस्काराने तो पहिल्याच घटकेला मानावा, हा त्या विधीतील दोष आहे; तो झाकून ठेवण्याचे कारण नाही.

आयुर्वेदाकडे वळले की या विधीचे दुसरे अंग दिसते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात असे प्रतिपादन आहे की प्रसूतीनंतर स्त्रीला तिसऱ्या-चौथ्या रात्री दूध उतरते, म्हणून पहिल्या दिवशी बाळाला औषधी द्रव्यांसह मध-तूप द्यावे, पुढील दोन दिवस सिद्ध केलेले तूप द्यावे आणि त्यानंतर स्तनपान सुरू करावे. चरकसंहितेत मात्र मंत्रपूर्वक मध-तूप चाटवून झाले की लगेच आईचा उजवा स्तन बाळाला द्यावा असा क्रम आहे. दोन प्रमाण ग्रंथांतील हा फरक लहान नाही. सुश्रुताच्या मते मध-तूप हे दूध येईपर्यंतचे अन्न आहे. चरकाच्या मते ते दुधापूर्वीचा केवळ एक विधी आहे. म्हणजे परंपरा या विषयात कधीच एकमुखी नव्हती, आणि तिचा मुख्य आग्रह मधावर नसून बाळ उपाशी राहू नये यावर होता, हे दोन्ही मतांच्या मुळाशी गेल्यावर स्पष्ट होते.

सुश्रुताचे निरीक्षण अर्ध्यापर्यंत खरे आहे. भरपूर, पांढरे दूध बहुतेक स्त्रियांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यानच उतरते. परंतु त्याआधी स्तनांतून येणारा दाट पिवळसर चीक हेच त्या दिवसांचे अन्न आहे, हे त्या काळी ध्यानात आले नाही. चीक पहिल्या दिवशी काही चमचेच निघतो आणि नवजाताच्या इवल्या जठराला तेवढाच पुरतो. त्यात रोगप्रतिकारक प्रथिने विपुल असतात, आणि बाळाच्या आतड्यातील काळी चिकट पहिली शी बाहेर पडण्यासही त्याची मदत होते. उलट मधात एका विशिष्ट जिवाणूची बीजे असू शकतात, मोठ्या माणसाच्या आतड्यात ती निरुपद्रवी ठरतात, पण एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ती रुजून विष निर्माण करतात आणि बद्धकोष्ठ, क्षीण रडणे, चोखण्याची ताकद जाणे अशा क्रमाने स्नायू लुळे पडत जातात. अर्भकांचा हा रोग १९७६ साली अमेरिकेत प्रथम ओळखला गेला. म्हणूनच वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पहिले सहा महिने केवळ आईचे दूध देण्याची शिफारस केली आहे. त्या काळात औषधे आणि जीवनसत्त्वांचे थेंब सोडून काहीही, अगदी पाणीसुद्धा, नको. मे-जूनमध्ये चंदीगडला लू वाहू लागली की बाळाला पाणी पाजण्याचा मोह प्रत्येक घराला होतो, पण आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते आणि बाळाची तहान त्यानेच भागते.

येथे श्रद्धावान कुटुंबाची खरी अडचण सुरू होते. विधी सोडावा तर संस्कारलोपाची, म्हणजे विहित संस्कार न केल्याच्या दोषाची भीती वाटते. विधी करावा तर वैद्यकाची आज्ञा मोडते. या अडचणीवर मीमांसेने फार पूर्वी विचार केलेला आहे, आणि तो मराठी वाचकांना जवळजवळ अपरिचित राहिला आहे. पुत्र जन्मल्यावर वैश्वानर अग्नीसाठी बारा कपालांवर, म्हणजे मातीच्या बारा खापऱ्यांवर भाजलेल्या पुरोडाशाची, म्हणजे पिठाच्या हविर्द्रव्याची, इष्टी म्हणजे यज्ञ करावा, असे वेदवाक्य आहे. तिला जातेष्टी म्हणतात. जैमिनीच्या सूत्रांच्या चौथ्या अध्यायात प्रश्न उपस्थित होतो की ही इष्टी नेमकी केव्हा करायची. निमित्त घडताच नैमित्तिक कर्म करावे, हा सर्वसाधारण नियम. जन्म हे निमित्त आहे, तेव्हा इष्टी जन्माच्या क्षणीच व्हायला हवी. यावर सिद्धान्त असा ठरला की इष्टी जातकर्मानंतर आणि सुतक फिटल्यावर करावी, आणि तो ठरवताना परंपरेने दिलेले एक कारण अत्यंत मोलाचे आहे : इष्टीला वेळ लागतो, तोवर बाळाचे दूध लांबणार, दुधावाचून बाळ दगावले तर ज्याच्या कल्याणासाठी इष्टी सांगितली तोच उरणार नाही. इष्टीचे फळ पित्याला नसून पुत्राला मिळायचे आहे, हेही त्याच प्रकरणात निश्चित केलेले आहे.

या निर्णयाचा आवाका जातेष्टीपुरता राहत नाही. वेदाने प्रत्यक्ष सांगितलेला यज्ञसुद्धा बाळाच्या स्तनपानासाठी दहा दिवस थांबू शकतो, असे कर्मकांडाचे कट्टर समर्थक असलेल्या मीमांसकांनी मान्य केले असेल, तर सूत्रांतल्या विधीचा लोकाचारात उरलेला अंश, म्हणजे मधाचे बोट किंवा गुटीचा वेढा, बाळाच्या पोषणाआड येत असता तो आग्रहाने चालवणे हे परंपरेच्याच तर्काला सोडून आहे. जे कर्म ज्याच्यासाठी आहे त्याचाच घात करून ते पूर्ण होऊ शकत नाही. शिवाय जातकर्मातील बुद्धिवर्धनाचा जो भाग आहे, ज्याला मेधाजनन म्हणतात, तो आश्वलायनाने बाळाच्या कानाशी सोने धरून जपायच्या मंत्रात सांगितला आहे. मेधा कानावाटे येते, असा या सूत्राचा सरळ अर्थ घेतला, तर चंदीगडमधील मराठी पित्याने बाळाच्या कानाशी मंत्र म्हणावा आणि मुख आईच्या स्तनासाठी मोकळे ठेवावे, एवढ्याने विधीचा गाभा राखला जातो. गुढतीबाबतही हेच म्हणता येईल. वडीलधाऱ्याचा गुण बाळात उतरावा ही इच्छा मांडीवर घेऊन, आशीर्वाद देऊन पूर्ण होते, तिला गुळाच्या पाण्याची गरज नाही.

बाळाच्या दुधाशी न्यायदर्शनाचा संबंध आणखी खोल आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आत्मा देहाहून वेगळा आणि नित्य आहे हे सिद्ध करण्यासाठी नवजाताच्या स्तन्याभिलाषाचा, म्हणजे आईच्या दुधाविषयीच्या ओढीचा, दाखला दिला आहे. ज्याने कधी अन्न घेतलेले नाही त्याला भूक लागल्यावर कशाकडे वळायचे हे कसे कळते? मोठ्या माणसाची अन्नाकडे होणारी प्रवृत्ती पूर्वी घेतलेल्या अन्नाच्या स्मरणातून येते, तर नवजाताची प्रवृत्तीही पूर्वीच्या अभ्यासातूनच, म्हणजे वारंवार केलेल्या कृतीच्या संस्कारातून आली असली पाहिजे, आणि या जन्मात तो अभ्यास झालेला नाही, म्हणून पूर्वजन्म मानला पाहिजे, असा तो युक्तिवाद आहे. प्रतिपक्षी म्हणतो की लोखंड चुंबकाकडे जाते तसे बाळ स्तनाकडे जाते, त्यात स्मरण कसले? त्यावर नैयायिकाचे उत्तर असे की लोखंडाचे जाणेही काहीतरी नियत कारणानेच होते, ते कोणत्याही दगडाकडे जात नाही. तेव्हा बाळाच्या ओढीचेही नियत कारण शोधायला हवे, आणि आपल्या अनुभवात अन्नाच्या ओढीचे दिसणारे कारण पूर्वाभ्यास हेच आहे.

गेल्या काही दशकांतील निरीक्षणांनी या वादाला अनपेक्षित वळण दिले आहे. गर्भ मातेच्या उदरात असतानाच गर्भजल गिळू लागतो. आईच्या आहारातील काही चवी त्या जलात उतरतात. आणि गरोदरपणी गाजराचा रस घेतलेल्या मातांची बाळे पुढे गाजराची चव अधिक सहज स्वीकारतात, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात दिसून आले. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील अभ्यासकांनी १९८७ साली नोंदवले की जन्मल्यावर लगेच आईच्या पोटावर उघडे ठेवलेले निरोगी बाळ आपणहून सरकत स्तनापर्यंत पोहोचते आणि दूध ओढू लागते; महाराष्ट्रातील स्तनपान-प्रसारकांनी पुढे याच पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. म्हणजे नैयायिकाचा पूर्वाभ्यास खराच होता, परंतु त्याचे स्थान मागच्या जन्माऐवजी मागच्या महिन्यांत सापडते. यामुळे पुनर्जन्माचे खंडन झाले असे म्हणणे घाईचे होईल, कारण त्या सिद्धान्ताला इतरही आधार दिले जातात; पण स्तन्याभिलाष हे त्याचे स्वतंत्र प्रमाण राहत नाही, एवढे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते.

या अभ्यासाला काळ लागतो, ही गोष्ट पोषणाच्या अडचणींच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ गर्भावस्थेच्या साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला स्तनाला लावले तरी ते दमते, ठसकते किंवा झोपी जाते, आणि त्याला आईचेच काढलेले दूध नळीने, वाटीने किंवा पलाडीने, म्हणजे टोकदार तोंडाच्या बाळपात्राने, द्यावे लागते. असे बाळ हट्टी नसते आणि त्याची आई कमनशिबी नसते. अभ्यास पुरा होण्याआधी परीक्षेला बसवलेले ते मूल असते.

आता त्या तक्रारींकडे येऊ, ज्यांच्यामुळे रात्री घरातले दिवे विझत नाहीत. दोन-तीन आठवड्यांचे बाळ संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन, लाल होऊन, तासन्‌तास रडते. पोट टणक लागते. दूध दिले तरी थांबत नाही. मॉरिस वेसल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९५४ साली अशा रडण्याची व्याख्या दिवसात तीन तासांहून अधिक, आठवड्यात तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ, अशी केली. ते साधारण सहाव्या आठवड्यात कळसाला पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरते. त्याचे निश्चित कारण वैद्यकाला आजही सापडलेले नाही. दूध टाकणे तर याहून साधे आहे : अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरील स्नायूंचे वलय बाळात सैल असते, त्यामुळे निम्म्याहून अधिक बाळे पहिल्या महिन्यांत रोज थोडे दूध बाहेर काढतात, आणि वर्षाच्या आसपास ते थांबते. पाजल्यावर खांद्याशी उभे धरून ढेकर काढणे, थोडे थोडे पाजणे आणि वजन वाढते आहे ना हे पाहणे एवढेच त्यावर करायचे असते. महिना उलटल्यावर केवळ आईच्या दुधावरचे बाळ दिवसातून सहा वेळा शी करील किंवा आठवड्यातून एकदा. शी मऊ असेल तर दोन्ही प्रकार स्वाभाविकच आहेत.

कारण सापडत नसले की माणूस दोषी शोधतो, आणि बाळाच्या बाबतीत दोषी म्हणून आई सर्वांत जवळ असते. तिने डाळ खाल्ली, थंड पाणी प्याली, तिचे दूध बाधले, असे म्हटले जाते. आयुर्वेदातील स्तन्यदुष्टी, म्हणजे वात, पित्त वा कफ यांनी दूध बिघडण्याची कल्पना, ही मुळात चिकित्सेची चौकट होती. सुश्रुत तर शुद्ध दुधाची परीक्षा पाण्यात टाकून, ते एकजीव होते का हे पाहून करायला सांगतो, म्हणजे आरोप करण्याआधी पडताळा मागतो. घराघरांत मात्र पडताळा गळून पडला आणि आरोप उरला. गायीच्या दुधातील प्रथिनांची खरी ॲलर्जी असलेली थोडी बाळे असतात, त्यांच्या शीत रक्त दिसते आणि आईने काही काळ दुधाचे पदार्थ टाळल्यास फरक पडतो. पण तेवढ्यावरून प्रत्येक बाळंतिणीला फिक्या पेजेवर ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि भुकेल्या, अपराधी वाटणाऱ्या आईकडून बाळाला कोणते समाधान मिळणार?

आईच्या आहारावर भागले नाही की प्रश्न कर्मावर जातो. ज्याने अजून काहीच केलेले नाही त्याला वेदना का, याचे उत्तर ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावरील पक्षपात आणि निर्दयता या आक्षेपांच्या निमित्ताने दिलेले आहे : ईश्वर प्राण्यांच्या कर्मांना अनुसरून सृष्टी करतो, म्हणून विषमतेचा दोष त्याच्याकडे जात नाही. हा जगातील विषमतेचा तात्त्विक उलगडा आहे. तो मान्य असो वा नसो, एखाद्या विशिष्ट बाळाच्या विशिष्ट पोटदुखीचे निदान म्हणून तो वापरणे ही कोटींची गल्लत आहे, कारण ज्या कारणाचा पडताळा घेता येत नाही आणि ज्यावर उपाय करता येत नाही ते कारण पाळण्याशेजारी बसलेल्या माणसाला कोणतेही कर्तव्य सांगत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश गुरूला विचारतो की आयुष्य ठरलेले असते की नसते. त्यावर आत्रेयांचे उत्तर असे की ते दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वकर्म आणि या जन्मीचा प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून आहे, आणि सर्वच आयुष्य नियत असते तर औषध, पथ्य, रक्षाविधी यांना अर्थच उरला नसता. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या वैद्यानेच कर्माला उपचाराच्या खोलीबाहेर थांबवले, ही भारतीय विचारातील अभिमानाची जागा आहे.

कर्माखेरीज बाधेकडेही बोट दाखवले जाते. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह, म्हणजे बाळांना बाधणाऱ्या शक्ती, वर्णिले आहेत आणि त्यांतील पूतनेच्या बाधेत जुलाब व वांती ही लक्षणे सांगितली आहेत. बाळे पटापट दगावणाऱ्या काळात अतिसाराला राक्षसीचे रूप मिळाले, यात नवल नाही. पण त्याच ग्रंथात ग्रह बाधण्याचे एक कारण आई वा दाई यांची अस्वच्छता हे दिलेले आहे, आणि ग्रहाचे नाव काढून टाकले तरी ते कारण शिल्लक राहते : न उकळलेले पाणी, न धुतलेले हात, दुधाची बाटली आणि तिचे बूच. बाटल्या व कृत्रिम दूध यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा भारताने १९९२ साली केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. अतिसारावर मीठ-साखरेच्या पाण्याची उपयुक्तता दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत मोठ्या प्रमाणावर सिद्ध केली. अतिसाराचे एक मोठे कारण असलेल्या रोटा विषाणूविरुद्धची लस २०१६ साली ज्या पहिल्या चार राज्यांत सार्वत्रिक लसीकरणात आली, त्यांत चंदीगडला खेटून असलेले हरियाणा आणि जवळचे हिमाचल प्रदेश होते. तरीही जुलाब लागले की दूध तोडण्याची रीत अनेक घरांत टिकून आहे, आणि या रीतीइतके घातक दुसरे काही नाही; जुलाबात स्तनपान थांबवायचे नसते, उलट वाढवायचे असते, सोबत क्षारसंजीवनी, म्हणजे वर सांगितलेले मीठ-साखरेचे पाणी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताचे औषध द्यायचे असते.

श्रद्धेच्या वस्तूतूनच अपाय होतो तेव्हा काय करावे, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातील आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचे यकृत कडक होत जाऊन बहुतेकांचा मृत्यू घडवणारा एक रोग भारतात अनेक दशके गूढ राहिला होता. तो कुळात येतो असे मानून घरे शांती करीत आणि सुनांना दोष देत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील आनंद पंडित, शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्या १९८० च्या दशकातील संशोधनातून दिसले की या मुलांना अगदी लहानपणी वरचे दूध सुरू झालेले असे आणि ते तांब्याच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात तापवलेले वा साठवलेले असे. दुधातील केसिन हे प्रथिन तांबे बांधून घेते आणि ते तांबे बाळाच्या यकृतात साचत जाते. भांडी बदलण्याचा सल्ला दिला गेला, आणि एके काळी वॉर्ड भरून टाकणारा तो रोग आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तांबे पवित्र आहे. पूजेतील ताम्हन, पळी, कलश तांब्याचे असतात, आणि त्यांच्या पावित्र्याला या शोधाने काही बाधा आली नाही. देवापुढे शुद्ध असलेली वस्तू बाळाच्या दुधासाठी अयोग्य असू शकते, कारण शुद्धता ही कार्यसापेक्ष आहे, हे धर्मशास्त्रही प्रत्येक द्रव्याच्या शुद्धीचे वेगळे नियम सांगून मान्य करतेच.

शुद्धतेचाच दुसरा प्रश्न सुतकाचा. बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडू नये, ही रीत मराठी आणि पंजाबी दोन्ही घरांत आढळते. थकलेल्या स्त्रीला विश्रांती मिळते म्हणून तिचा उपयोगही झाला आहे. गुरू नानकांनी 'आसा दी वार' या रचनेत जन्माच्या सुतकाची कल्पना नाकारली आणि मनाचे सुतक लोभात, जिभेचे असत्यात असल्याचे सांगितले. पण रूढी तेवढ्याने थांबली नाही. तिचा सर्वांत मोठा धोका कावीळ झालेल्या बाळाला आहे. जन्मानंतरची कावीळ दोन आठवड्यांपलीकडे टिकली आणि शी पांढुरकी, मातीसारखी होऊ लागली, तर पित्तवाहिन्या बंद असण्याची शक्यता असते. त्यावरील कासाई नावाची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तरच तिच्यापासून चांगल्या यशाची आशा असते. त्यातले चाळीस दिवस उंबऱ्याआड आणि पुढचे काही काविळीच्या माळेत गेले, तर पीजीआयच्या शल्यविशारदांच्या हाती फार थोडे उरते. हिरवी उलटी, तीन-सहा आठवड्यांच्या बाळाची प्रत्येक दुधानंतर फवाऱ्यासारखी उडणारी उलटी, शीतील रक्त, खोल गेलेली टाळू, लघवी कमी होणे, पहिल्या तीन महिन्यांतील ताप, यांपैकी काहीही दिसल्यास सुतक, अमावस्या, राहुकाळ यांतले काही आड येऊ देणे धर्मालाही मान्य नाही. ज्यांनी जातेष्टी दहा दिवस पुढे ढकलली त्यांनी हा निर्णय आधीच देऊन ठेवला आहे.

सहाव्या महिन्यात उष्टावण येते. आश्वलायन आणि सुश्रुत दोघेही अन्नप्राशनासाठी सहावा महिना सांगतात, सुश्रुत तर ते अन्न हलके आणि हितकर असावे असेही बजावतो, आणि आधुनिक शिफारशीशी याचा इतका मेळ बसतो की येथे कोणताच वाद उरत नाही. मात्र मुलीचे उष्टावण विषम महिन्यात हवे म्हणून पाचव्यातच उरकण्याची घाई करू नये, सातवा महिना विषमच आहे. उत्तर भारतात, विशेषतः पंजाब-हरियाणाच्या गव्हाच्या पट्ट्यात, यानंतर एक वेगळी अडचण उभी राहते. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनाने ज्यांच्या आतड्याच्या अस्तराला इजा होते अशा मुलांना सीलिॲक रोग होतो. गहू सुरू झाल्यावर काही महिन्यांत वजन खुंटते, पोट पुढे येते, जुलाब रेंगाळतात, आणि उपाय एकच असतो, गहू आणि जव आयुष्यभरासाठी बंद. निदानाची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते, म्हणून शेजारणीच्या सल्ल्याने आधीच तो बंद करू नये. गहू सोडणे आहारात शक्य असते, प्रसादात अवघड जाते : गुरुद्वारातील कडाह प्रसाद कणकेचा, सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, आणि प्रसाद नाकारणे म्हणजे देवाचा अव्हेर, अशी समजूत. प्रसादाचे मूल्य देवाच्या स्वीकारात आहे, धान्यात नाही. म्हणून ओंजळीत घेऊन मस्तकी लावलेला आणि आईने खाल्लेला प्रसादही बाळाला पोचतोच, आणि घरच्या नैवेद्यात तर खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर आणि मनुका यांचे बारीक कुटलेले पंचखाद्य ठेवण्याची जुनी रीत आहेच, त्यात गव्हाचा कण नसतो.